बझरबीटर खेळातील तरुण खेळाडूंचे प्रशिक्षण

हा लेख 'बझरबीटर' या आंतरजालावरील बास्केटबॉल व्यवस्थापन खेळातील प्रशिक्षण पद्धतीविषयी आहे. सामना संपल्याचा भोंगा वाजत असताना हातातून सुटलेल्या फेकीलाही बास्केटबॉलमध्ये बझरबीटर म्हणतात. त्याचा येथे विचार केलेला नाही.

बझरबीटर हा संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या न्याहाळकावर (ब्राउझरवर) खेळला जाणारा, बास्केटबॉल संघाच्या व्यवस्थापनाचा खेळ आहे. तो 2007 साली सुरू झाला. खेळणारी व्यक्ती स्वतः चेंडू फेकत नाही. ती एका काल्पनिक संघाची व्यवस्थापक असते आणि खेळाडूंची खरेदी-विक्री, संघरचना, डावपेच, प्रेक्षागृह, आर्थिक व्यवहार व प्रशिक्षण हे सर्व पाहते. सामने ठरलेल्या वेळी आपोआप होतात आणि त्यांचा निकाल खेळाडूंच्या कौशल्यांवर व व्यवस्थापकाने आधी दिलेल्या सूचनांवर अवलंबून असतो. तरुण खेळाडूंचे प्रशिक्षण हा या खेळातील सर्वांत संथ आणि सर्वांत दूरगामी परिणाम करणारा भाग मानला जातो. पैसा चुकीने खर्च झाला तर तो पुन्हा मिळवता येतो. अठरा वर्षांच्या खेळाडूचा वाया गेलेला आठवडा मात्र कोणत्याही उपायाने परत येत नाही.

पार्श्वभूमी

क्रीडा व्यवस्थापनाचे खेळ बझरबीटरच्या आधीपासून प्रचलित होते. स्वीडनमध्ये 1997 साली सुरू झालेला 'हॅटट्रिक' हा फुटबॉल व्यवस्थापनाचा खेळ त्यांतील विशेष प्रसिद्ध होय. आठवड्यातून एकदा होणारे प्रशिक्षण, शब्दांत व्यक्त होणारी कौशल्यांची पातळी, देशवार साखळी स्पर्धा, खेळणाऱ्यांच्या मतदानाने निवडला जाणारा राष्ट्रीय संघाचा व्यवस्थापक या हॅटट्रिकच्या कल्पना बझरबीटरमध्येही दिसतात. क्रिकेटसाठी 'बॅट्रिक' व 'फ्रॉम द पॅव्हेलियन' हे याच घराण्यातले खेळ निघाले. बझरबीटरचे वेगळेपण असे की, बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाचच खेळाडू मैदानावर असतात व बदली खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर होऊ शकतात. त्यामुळे कोण किती मिनिटे आणि कोणत्या जागेवर खेळला याला येथे फार महत्त्व येते. या खेळातील प्रशिक्षणाची सगळी रचना याच एका गोष्टीवर उभी आहे.

बझरबीटरमधील एक हंगाम 14 आठवड्यांचा असतो. एका साखळीत 16 संघ असून ते आठ-आठच्या दोन गटांत विभागलेले असतात. आपल्या गटातील प्रत्येक संघाशी दोन आणि दुसऱ्या गटातील प्रत्येक संघाशी एक असे प्रत्येक संघाचे एकूण 22 साखळी सामने होतात. ते आठवड्याला दोन या गतीने खेळले जातात. याशिवाय आठवड्याच्या मध्याला चषक स्पर्धेचा सामना किंवा, संघ चषकातून बाद झाला असेल तर, सराव सामना खेळता येतो. सामान्य संघाला असे आठवड्याला तीन सामने मिळतात. खेळाडूचे वय प्रत्येक हंगामाला एक वर्षाने वाढते. अठराव्या वर्षी संघात आलेला खेळाडू तीस वर्षांचा होईपर्यंत 12 हंगाम, म्हणजे 168 आठवडे जातात. घरच्या दिनदर्शिकेवर ही साधारण सव्वातीन वर्षे भरतात.

कौशल्ये आणि त्यांची मराठी नावे

प्रत्येक खेळाडूची कौशल्ये बाहेरची, आतली व सर्वसाधारण अशा तीन प्रकारांत मांडता येतात. बाहेरच्या कौशल्यांत जंप शॉट (उडी घेऊन केलेली फेक), पल्ला (दुरून फेकण्याची ताकद), बाह्य बचाव, चेंडू हाताळणी, मुसंडी (बचाव भेदून बास्केटकडे घुसणे) आणि पास यांचा समावेश होतो. आतली फेक, आतला बचाव, रिबाउंड (बास्केटवरून परतलेला चेंडू पकडणे) व फेक अडवणे ही बास्केटच्या जवळची कौशल्ये होत. दम आणि मुक्त फेक ही दोन या सर्वांहून निराळी आहेत. अनुभव हा स्वतंत्र गुण असून तो शिकवता येत नाही, सामने खेळूनच वाढतो.

वरील मराठी नावे या लेखापुरती योजली आहेत. 'दम' हा शब्द कबड्डीमुळे मराठी वाचकाला परिचित आहे, परंतु तेथे तो एका श्वासाशी बांधलेला असतो. येथे त्याचा अर्थ सामन्याच्या शेवटच्या मिनिटांपर्यंत टिकून राहण्याची शक्ती एवढाच घ्यावा. 'ड्रायव्हिंग'साठी 'मुसंडी' हा शब्द मात्र मुळापेक्षाही नेमका वाटतो.

कौशल्याची पातळी आकड्याने न सांगता विशेषणाने सांगण्याची प्रथा आहे. 'अत्यंत वाईट' अशा अर्थाच्या शब्दापासून 'दंतकथेत शोभेल असा' या अर्थाच्या शब्दापर्यंत एकूण 20 पायऱ्या आहेत. सहावी पायरी 'सरासरी', सातवी 'बऱ्यापैकी'. अकराव्या पायरीनंतर इंग्रजीतील स्तुतिपर विशेषणांची अशी रांग लागते की, त्यांतील थोर कोण आणि थोरला कोण हे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही पाठ करावे लागते. मराठीत 'उत्कृष्ट', 'अद्भुत', 'असामान्य', 'अलौकिक' यांची उतरंड लावू गेल्यास तोच गोंधळ होईल. म्हणून अनुभवी व्यवस्थापक आपसांत बोलताना आकडेच वापरतात. शिवाय दोन पायऱ्यांमधला अपूर्णांक व्यवस्थापकाला दिसत नाही. दोन खेळाडूंचा रिबाउंड 'सातवी पायरी' असाच दिसत असला तरी, एक नुकताच सातवर आलेला आणि दुसरा आठच्या उंबरठ्यावर उभा असू शकतो. पायरी चढल्याचे ज्या आठवड्यात दिसते, त्याच्या आधीच्या वाढ न दिसलेल्या आठवड्यांतही प्रशिक्षण चालूच असते. नव्या व्यवस्थापकांना हे उमगत नाही. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही की ते प्रशिक्षणाचा विषय बदलतात आणि प्रत्येक कौशल्य अर्धवट सोडतात.

मिनिटांचे गणित

प्रशिक्षण आठवड्यातून एकदा, शुक्रवारी नोंदले जाते. व्यवस्थापकाने तोपर्यंत एक कौशल्य आणि ते कोणत्या जागेवरील खेळाडूंना शिकवायचे हे निवडलेले असते. बास्केटबॉलमधील पॉइंट गार्ड, शूटिंग गार्ड, स्मॉल फॉरवर्ड, पॉवर फॉरवर्ड व सेंटर या पाच जागांपैकी एकच जागा निवडली तर प्रशिक्षणाचा वेग सर्वाधिक असतो. दोन जागांना मिळून शिकवल्यास तो कमी होतो आणि सर्व संघाला एकत्र शिकवल्यास फारच मंदावतो. शाळेत एकाला शिकवणे आणि साठ जणांच्या वर्गाला शिकवणे यांत जो फरक असतो, तोच हा.

खेळाडूला पूर्ण प्रशिक्षण मिळण्यासाठी त्याने त्या आठवड्यात निवडलेल्या जागेवर किमान 48 मिनिटे खेळलेले असावे लागते. त्याहून कमी मिनिटे भरल्यास लाभही कमी होतो, आणि 48 पेक्षा जास्त खेळल्याने तो वाढत नाही. बझरबीटरमधील सामना अमेरिकेच्या एनबीए स्पर्धेप्रमाणे 48 मिनिटांचाच असतो (आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो 40 मिनिटांचा आहे). म्हणजे पूर्ण प्रशिक्षणासाठी एका जागेवर एक अख्खा सामना खर्ची पडतो.

आठवड्यात तीन सामने धरले तर एका जागेवर एकूण 144 मिनिटे उपलब्ध होतात. एकच जागा निवडणाऱ्या व्यवस्थापकाला त्यांतून जास्तीत जास्त तीन खेळाडूंना पूर्ण शिकवता येते. दोन जागा निवडल्यास 288 मिनिटांत सहा जण बसतात, पण प्रत्येकाची वाढ संथ होते. कागदावर हे सरळ दिसते. व्यवहारात 144 मिनिटे तिघांत नेमकी वाटताना एकही मिनिट शिल्लक उरत नाही. शिकणाऱ्या खेळाडूचे सहा फाउल झाले की तो सामन्यातून बाद होतो. दुखापत झाली तरी तेच. सामना अगदी एकतर्फी झाला तर संघाचा प्रशिक्षक मुख्य खेळाडूंना विश्रांती देऊन बाकावरच्यांना पाठवतो, आणि 48 च्या जागी 39 मिनिटे नोंदली जातात. सामना बरोबरीत सुटून जादा डाव झाला तर पाच मिनिटे अधिक मिळतात, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

यावर रूढ उपाय असा की, संघाच्या यादीत त्या जागेसाठी पहिला खेळाडू, बदली खेळाडू आणि राखीव खेळाडू अशा तिन्ही रकान्यांत एकाच शिकाऊ खेळाडूचे नाव लिहायचे आणि यादी काटेकोर पाळण्याची सूचना द्यायची. असे केल्यावर फाउल व दुखापत सोडता त्याला मैदानाबाहेर काढण्याचे कारणच उरत नाही. तो दमला तरी खेळत राहतो आणि दमल्यामुळे वाईट खेळतो. ही किंमत व्यवस्थापकाने जाणूनबुजून मोजलेली असते.

मिनिटांची दुसरी बाजू लयीची आहे. प्रत्येक खेळाडूची खेळातील लय दर आठवड्याला बदलते आणि ती त्याच्या त्या आठवड्यातील एकूण मिनिटांवर अवलंबून असते. साधारणपणे 50 ते 75 मिनिटे खेळणाऱ्याची लय उत्तम राहते. दोन पूर्ण सामने, म्हणजे 96 मिनिटे, खेळवल्यास ती बिघडते, आणि अगदी थोडे खेळवले तरीही बिघडते. लय बिघडलेला खेळाडू आपल्या खऱ्या कौशल्यापेक्षा कमी प्रतीचा खेळ करतो. म्हणून कसलेले व्यवस्थापक एका जागेवर तिघांऐवजी दोघांनाच पक्के धरतात आणि उरलेली मिनिटे आपत्काळासाठी मोकळी ठेवतात. तिसऱ्याला मिळेल तेवढे मिळते.

भलत्या जागेवर खेळवणे

वरील नियमाचा सर्वांत त्रासदायक परिणाम असा की, जे शिकवायचे त्याच्या जागेवरच खेळाडूला प्रत्यक्ष सामन्यात उतरवावे लागते. पास व चेंडू हाताळणी शिकवायची तर पॉइंट गार्डच्या जागेवर, फेक अडवणे शिकवायचे तर सेंटरच्या जागेवर. आता समजा, सात फुटी तरुण सेंटरला पास देता यावा असे व्यवस्थापकाला वाटते. चांगल्या संघात सेंटरलाही पास आणि चेंडू हाताळणी काही प्रमाणात यावी लागते, नाहीतर चेंडू त्याच्याकडे गेला की प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडतो. ते शिकवण्यासाठी या सात फुटी मुलाला कित्येक आठवडे पॉइंट गार्ड म्हणून खेळवावे लागते. त्याला चेंडू धड हाताळता येत नाही आणि समोरचा चपळ गार्ड त्याला चुकवून पुढे जातो. संघ हरतो.

तरुणांना घडवणे आणि सामना जिंकणे यांतील हा विरोध या खेळाच्या केंद्रस्थानी आहे, आणि त्यातून पूर्ण सुटका करून देणारी कोणतीही युक्ती नाही. सराव सामन्यातील हरण्याने काही बिघडत नाही, म्हणून भलत्या जागेवरील प्रशिक्षण शक्यतो तेथे उरकले जाते. पण सराव सामना आठवड्यातून एकच असतो. त्यातून एका जागेवर एकालाच पूर्ण प्रशिक्षण मिळते. दुसऱ्या व तिसऱ्या खेळाडूसाठी साखळी सामनेच वापरावे लागतात. त्यामुळे काही व्यवस्थापक साखळीतील दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे सामने आधीच हेरून ठेवतात. काहीजण चषकातून लवकर बाद होणे पसंत करतात, म्हणजे सराव सामने मोकळे होतात. आणखी काही जण खालच्या श्रेणीत घसरण्याची तयारी ठेवून दोन-तीन हंगाम केवळ प्रशिक्षणासाठी देतात. या शेवटच्या मार्गावर खेळणाऱ्यांत एकमत नाही. घसरण झाली की प्रेक्षक व उत्पन्न दोन्ही घटतात, आणि प्रशिक्षकाचा पगार मात्र चालूच राहतो.

वय, उंची आणि कुवत

प्रशिक्षणाचा वेग अठराव्या वर्षी सर्वाधिक असतो आणि पुढे दर वर्षाला उतरत जातो. पंचविशीनंतर तो इतका मंदावतो की, जागा अडवून ठेवण्यापेक्षा त्या मिनिटांवर नवा मुलगा उभा करणे फायद्याचे ठरते. तिशी ओलांडल्यावर कौशल्ये उलट घटू लागतात.

उंचीचा परिणाम दुहेरी आहे. उंच खेळाडू आतली कौशल्ये लवकर शिकतो आणि बाहेरची उशिरा. बुटक्याचे याच्या उलट. म्हणून साडेसहा फुटांच्या आसपासचा खेळाडू दोन्हीकडे मध्यम गतीने शिकतो आणि त्याला कोणत्याही अंगाने वाढवता येते. खेळाडूची उंची मात्र संघात आल्यापासून अखेरपर्यंत तीच राहते. सोळाव्या-सतराव्या वर्षी अचानक वाढणारी मुले ज्यांनी शाळेच्या मैदानावर पाहिली आहेत, त्यांना ही गोष्ट थोडी अवास्तव वाटेल.

कुवत ही खेळाडूची उपजत मर्यादा होय. तिच्या 12 श्रेणी आहेत. सर्वांत खालच्या श्रेणीला 'निवेदक' असे नाव आहे, म्हणजे या मुलाने खेळण्यापेक्षा ध्वनिक्षेपकासमोर बसावे असा त्याचा खोचक अर्थ. तिच्यावर 'बाक राखणारा' ही श्रेणी येते. मध्यावर 'पहिल्या पाचांतला' व 'तारा'. आणि सर्वांत वर 'सार्वकालिक थोर'. कुवतीची सीमा भिंतीसारखी कठीण नसते. ती गाठल्यावरही खेळाडू शिकतो, पण इतका सावकाश की त्यात अर्थ उरत नाही.

येथे एक गैरसमज नोंदवणे आवश्यक आहे. उच्च कुवत म्हणजे उत्तम खेळाडू नव्हे, ती केवळ उत्तम होण्याची मुभा आहे. नव्या व्यवस्थापकांची सर्व मिळकत बहुधा 'सार्वकालिक थोर' कुवतीच्या मुलावर खर्च होते आणि पुढील दोन हंगाम त्याला पुरेशी मिनिटे किंवा चांगला प्रशिक्षक देता येत नाही. बाविसाव्या वर्षी हा खेळाडू 'तारा' कुवतीच्या, पण नियमित शिकवलेल्या खेळाडूपेक्षा मागे असतो. मध्यम कुवतीच्या मुलाची सीमा गाठायलाच पाच-सहा हंगाम लागतात. बहुतेक संघांच्या दृष्टीने तेवढी कुवत पुरेशी असते.

प्रशिक्षकाच्या सात श्रेणी आहेत. वरच्या श्रेणीच्या प्रशिक्षकाकडे शिकणाऱ्यांची वाढ अधिक वेगाने होते, पण त्याचे साप्ताहिक वेतनही तसेच चढे असते. प्रशिक्षक लिलावात मिळतात. चौथी-पाचवी श्रेणी लहान संघांना परवडते. सातव्या श्रेणीचा प्रशिक्षक ठेवून त्याच्यापुढे एकच शिकाऊ खेळाडू उभा करणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, तरी तो करणारे दर हंगामाला आढळतात.

काय आधी शिकवावे

कौशल्ये एकमेकांपासून तुटलेली नसतात. चेंडू हाताळणी व मुसंडी चांगली असेल तर जंप शॉटही लवकर वाढतो. आतला बचाव आधीच बरा असलेल्याला फेक अडवणे शिकवणे सोपे जाते. याउलट, एकच कौशल्य उंच आणि भोवतालची सगळी खालीच राहिलेली असली तर ते उंच कौशल्य पुढे सरकेनासे होते. एखादे कौशल्य शिकवताना त्याच्या सोबतच्या कौशल्यांनाही थोडा वाटा मिळतो. एकास-एक या प्रकारच्या प्रशिक्षणात मुसंडीबरोबर चेंडू हाताळणी व जंप शॉट यांचीही वाढ होते, म्हणून गार्डच्या शिक्षणाची सुरुवात अनेकदा तेथून केली जाते.

यावरून अनुभवी मंडळींचा संकेत असा झाला आहे की, दुय्यम कौशल्ये आधी आणि मुख्य कौशल्ये नंतर शिकवावीत. सेंटर होणाऱ्या मुलाला अठरा-एकोणीस या वयात पास, चेंडू हाताळणी व मुसंडी द्यावी, रिबाउंड व आतली फेक पुढे वाढवावी. त्यामागे तीन कारणे आहेत. उंच मुलाला बाहेरची कौशल्ये मुळातच जड जातात, तेव्हा ती वाढीचा वेग सर्वाधिक असतानाच उरकणे श्रेयस्कर. दुसरे, ती पाया म्हणून पुढच्या शिक्षणाला उपयोगी पडतात. तिसरे कारण वेतनाचे आहे. खेळाडूचे वेतन हंगामाच्या आरंभी त्याच्या कौशल्यांवरून नव्याने ठरते आणि मुख्य कौशल्ये वाढली की ते झपाट्याने चढते. दुय्यम कौशल्यांचा वेतनावर फारसा भार पडत नाही. केवळ आतली चार कौशल्ये फुगवलेला सेंटर त्यामुळे महाग पडतो आणि मैदानावर मात्र सर्वांगीण खेळाडूइतका उपयोगी ठरत नाही.

दम व मुक्त फेक यांचे प्रशिक्षण सर्व संघाला एकत्र दिले जाते आणि त्यासाठी जागेची अट नसते. हंगामाच्या अखेरीस, किंवा दुखापतींमुळे योजना कोलमडलेल्या आठवड्यात, ते उरकण्याची पद्धत आहे.

ड्राफ्ट आणि खेळाडूबाजार

नवे खेळाडू दोन मार्गांनी मिळतात. प्रत्येक हंगामानंतर साखळीतील 16 संघांत नवोदितांची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. तीन फेऱ्यांत मिळून 48 खेळाडू वाटले जातात आणि प्रत्येक संघाला तिघे येतात. ते अठरा किंवा एकोणीस वर्षांचे असतात. निवडीपूर्वी टेहळणीवर खर्च करणाऱ्या व्यवस्थापकाला खेळाडूची सध्याची गुणवत्ता व कुवत यांचा अंदाज मिळतो, परंतु पूर्ण चित्र निवडीनंतरच उघड होते. अठरा आणि एकोणीस यांतील एका वर्षाचा फरक वरवर लहान दिसला, तरी तो वाढीचा वेग सर्वाधिक असतानाचे 14 आठवडे एवढा असतो.

दुसरा मार्ग लिलावाच्या बाजाराचा. बहुतेक व्यवस्थापक आपले शिकाऊ खेळाडू येथूनच घेतात, कारण ड्राफ्टमधील तिघे एकाच जागेला योग्य असण्याचा योग क्वचित येतो. शिकवून तयार केलेला खेळाडू विकून भांडवल उभे करणे हीसुद्धा एक मान्य रीत आहे. मात्र घेऊन लगेच विकणाऱ्याला विक्रीच्या रकमेतील कमी वाटा मिळतो. त्यामुळे केवळ दलालीवर संघ चालवणे कठीण होते, आणि हे योग्यच आहे.

एकवीस वर्षांखालील राष्ट्रीय संघ

खेळातील प्रत्येक देशाचा एक मुख्य राष्ट्रीय संघ व एक एकवीस वर्षांखालील संघ असतो. त्यांचे व्यवस्थापक त्या देशातील खेळणाऱ्यांच्या मतदानाने निवडले जातात. राष्ट्रीय व्यवस्थापकाच्या हाती प्रशिक्षण मुळीच नसते. खेळाडू ज्याच्या मालकीचा असेल तोच त्याला शिकवतो, आणि तो मालक दुसऱ्या देशातलाही असू शकतो. राष्ट्रीय व्यवस्थापक फक्त विनंती करू शकतो: या मुलाला पुढचे सहा आठवडे बाह्य बचाव द्यावा, त्याला भलत्या माणसाला विकू नये.

अठराव्या वर्षी आलेल्या खेळाडूला या संघात स्थान मिळवण्यासाठी अठरा ते एकवीस असे चार हंगाम, म्हणजे 56 आठवडे मिळतात. खेळणाऱ्यांची संख्या हजारांत असलेल्या देशात एक मालक चुकला तर दुसरे दहा असतात. खेळणारे मोजकेच असलेल्या देशात दर हंगामाला ड्राफ्टमधून चांगल्या कुवतीचे दोन-चार खेळाडू निघतात. त्यांतील एखादा निष्क्रिय मालकाच्या संघात पडला की त्या पिढीचा संघच लंगडा होतो. अशा देशांत राष्ट्रीय व्यवस्थापकाचे खरे काम डावपेच आखण्याचे नसून पत्रव्यवहाराचे असते. ड्राफ्ट होताच नव्या मुलांची यादी करणे, मालकांना गाठणे, ज्यांना शिकवणे जमणार नाही त्यांच्याकडून खेळाडू बाजारात आणवणे आणि योग्य माणसाला तो घ्यायला लावणे. मालकाला यात स्वतःच्या संघाचे सामने हरावे लागतात, आणि मोबदल्यात मिळते ते आपण घडवलेल्या मुलाला देशाकडून खेळताना पाहण्याचे समाधान. बाविसावे वर्ष लागताच खेळाडू या संघातून बाहेर पडतो. त्यानंतर मुख्य संघात जागा मिळेलच असे नाही.

प्रत्यक्ष खेळाशी तुलना

प्रत्यक्ष बास्केटबॉलमध्ये कौशल्ये सरावात शिकली जातात आणि सामन्यात पारखली जातात. बझरबीटरमध्ये सामना हाच सराव आहे. हे सुलभीकरण असले तरी त्यातील एक तत्त्व खरे आहे: बाकावर बसून कोणी शिकत नाही. पंजाबमधील बल्लो के या गावचा सतनाम सिंग भामरा हा 2010 साली, चौदाव्या वर्षी, अमेरिकेतील फ्लॉरिडा येथील प्रशिक्षण संस्थेत गेला आणि 2015 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये डॅलस मॅव्हेरिक्स संघाने त्याला 52 व्या क्रमांकावर निवडले. एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू होय. सात फूट दोन इंच उंचीच्या या सेंटरला एनबीएच्या मुख्य स्पर्धेत मात्र एकही सामना मिळाला नाही. तो त्या संघाशी जोडलेल्या दुय्यम स्पर्धेतील संघाकडून खेळला. बझरबीटरच्या भाषेत सांगायचे तर उंची होती, निवड झाली, मिनिटे मिळाली नाहीत.

महाराष्ट्रात बास्केटबॉल मुख्यतः शहरांतला खेळ राहिला आहे. भारतीय महिला संघाचे नेतृत्व केलेल्या शिरीन लिमये या पुण्याच्या. ग्रामीण भागात कबड्डी, खो-खो व कुस्ती यांचा पगडा असल्याने व्यवस्थापन खेळातील संज्ञा तेथील वाचकाला प्रथम परक्या वाटतात. पण त्यामागची वृत्ती परकी नाही. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत बैलगाडा शर्यतीची परंपरा आहे. तेथील गाडामालक स्वतः धावत नाही. खोंड पारखून घेणे, त्याचा खुराक राखणे, त्याला सराव देणे आणि तो घाटात कधी उतरवायचा हे ठरवणे, यातच त्याचे कसब असते. कोवळ्या वयात फार पळवलेला खोंड पुढे कामाचा राहत नाही, आणि नुसता गोठ्यात बांधून ठेवलेलाही राहत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. बझरबीटरच्या व्यवस्थापकाला 50 ते 75 मिनिटांचा नियम सांगतो तो यापेक्षा फार वेगळा नाही.

खर्च, वेळ आणि कायदेशीर स्थिती

बझरबीटर विनामूल्य खेळता येतो. ऐच्छिक वर्गणी भरणाऱ्यास काही जादा सोयी मिळतात. खेळ मुख्यतः मजकूर व तक्त्यांच्या स्वरूपात असल्याने त्याला वेगवान आंतरजाल लागत नाही. सामने व्यवस्थापकाच्या अनुपस्थितीतही होतात, त्यामुळे रोज दहा-पंधरा मिनिटे दिली तरी संघ चालतो.

भारतात 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या आंतरजालीय खेळांवर बंदी घातली. पैजेचा किंवा रोख बक्षिसाचा संबंध नसलेले मनोरंजनपर खेळ या बंदीत येत नाहीत आणि अशा खेळांना वर्गणी आकारण्याची मुभा आहे. बझरबीटरमधील सर्व चलन काल्पनिक असून ते रोखीत बदलता येत नाही. क्रिकेट सामन्यांवर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या 'फँटसी' स्पर्धांशी त्याची गल्लत केली जाते, ती चुकीची आहे. त्या स्पर्धांत खऱ्या खेळाडूंच्या एका दिवसाच्या कामगिरीवर निकाल लागतो. बझरबीटरमधला खेळाडू काल्पनिक असतो, आणि त्याला पहिल्या पाचांत उभे राहण्याइतका तयार करायला प्रत्यक्षातले किमान एक वर्ष लागते.